उपासाला शिजलेली कर्दळ

माझ्या हाताला यश नाही, हे मला वयाच्या तेराव्या वर्षी पक्कं कळून चुकलं होतं. कळून चुकलं म्हणजे काकूनं तसं सांगितलं होतं, आणि काकूनं एकदा सांगितलं की आमच्या घरात ते पंचांगात छापल्यासारखं खरं असे. मी लावलेली तुळस दोनदा वाळली. मोगऱ्याची फांदी खोचली, ती महिनाभर हिरवी राहिली आणि एका दिवसात काळी पडली. त्यातच एका उन्हाळ्यात मी लोणच्याच्या बरणीत डाव फिरवला आणि पावसाळ्यात नेमकी त्याच बरणीवर बुरशी आली. झालं. बरणीत ओला डाव कुणी घातला होता हे मला आजही ठाऊक आहे, आणि ती व्यक्ती मी नव्हते. पण ते माणूस आता हयात नाही, म्हणून नाव घेत नाही. तेव्हापासून लोणची, पापड, सांडगे, विरजण, रोप, बियाणं, कशालाही मी हात लावायचा नाही असा कायदा झाला. घरात वाळवणं घातली की मला कावळे हाकायला बसवत, तेही चार हात लांब. काकू वाईट नव्हती. ती प्रेमानंच म्हणायची, "इंदे, तू लांब राहा गं, तुझ्या हाताला यश नाही." प्रेमानं म्हटलेलं जास्त लागतं. रागानं म्हटलं असतं तर मी उलट बोलले असते, माझी जीभ तेव्हाही काही कमी नव्हती. पण खरं सांगायचं तर माझा त्यावर विश्वास बसला होता. मी एकटी असले की तळहात उताणे करून बघायची आणि मला रडू यायचं.

आम्ही नाशिक रोडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माझे वडील, म्हणजे अप्पा, पार्सल ऑफिसात कारकून होते आणि काका मालगाडीवर गार्ड. दोघा भावांचा संसार एकाच क्वार्टरमध्ये. काका आठवड्यातले चार दिवस गाडीवर असत, म्हणून घर काकूच्या ताब्यात. काकूला मूलबाळ नव्हतं, आम्ही तीन भावंडं तिचीच होतो. माझी आई धाकटी जाऊ, गरीब गाय. मोठ्या जावेपुढं तिचा शब्द मी कधी ऐकलेला नव्हता. दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, त्याला लागून कोठीची अंधारी खोली, मोरी, आणि पुढं कुंपणापर्यंत हातरुमालाएवढं अंगण. कुंपणापलीकडं लगेच रूळ. शंटिंगचे धक्के बसले की फळीवरची भांडी किणकिणत आणि दोरीवरच्या धोतरांवर कोळशाची भुकटी बसे. घड्याळ आमच्याकडं नव्हतंच. नोटांच्या छापखान्याचा भोंगा झाला की भाकऱ्या थापायच्या आणि मेल गेली की दिवा लावायचा, असं चाले. आता मी राहते तिथं इतकं शांत आहे की दुपारी झोप येत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर देवळालीच्या कॅम्पातला एक साहेब कायमचा विलायतेला निघाला. त्याचं सामान अप्पांनी फार नीट बुक करून दिलं, एक बशीसुद्धा फुटू दिली नाही. त्यावर खूश होऊन मडमेनं जाताना अप्पांना एक करंडी दिली. आम्हांला वाटलं बिस्किटं असतील. उघडून बघतो तर मातीनं माखलेले, आल्यासारखे दिसणारे गड्डे आणि वर एक इंग्रजी चिठ्ठी. अप्पांनी चष्मा पुसून ती वाचली. ते कर्दळीचे गड्डे होते. साधी तांबडी कर्दळ नव्हे, हाताच्या पंजाएवढं पिवळं फूल आणि त्यावर तांबडे शिंतोडे. थंडीत गड्डे जमिनीत ठेवू नयेत, कोरड्या वाळूत घालून अंधारात ठेवावेत आणि थंडी सरली की लावावेत, असं मडमेनं लिहिलं होतं. आई म्हणाली, कर्दळ तर मोरीच्या पाण्यावर कुठंही येते, तिचे एवढे लाड कशाला. अप्पा म्हणाले, इंग्रजीत लिहिलंय म्हणजे काहीतरी असेल. आणि मग माझ्याकडं बघून, सहज, ते म्हणाले, "इंदू, हे तू सांभाळ." ते घरातल्या कायद्यांकडं फारसं लक्ष देत नसत.

स्टेशनवरच्या बागेचे माळी चाँदचाचा होते. मूळचे जुन्या नाशकातले, दाढी मेंदीनं तांबडी केलेली. इंजिनाला पाणी भरायच्या नळाखाली जे पाणी सांडे, त्यावर त्यांनी फलाटाच्या टोकाला तांबड्या कर्दळींची रांग पोसली होती. अप्पांचा डबा घेऊन गेले की मी तिथं जाऊन बसायची. मी त्यांना चिठ्ठीतला मजकूर सांगितला, तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांचं म्हणणं, विलायतेत बर्फ पडतं, तिथं गड्डा जमिनीत कुजेल. आपल्याकडं थंडी पडून पडून किती पडणार? पानं करपतील, ती कापायची, वर पालापाचोळा टाकायचा आणि गड्डा आपला झोपेल. "आजच लाव बेटा," असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान डोलावली आणि घरी येऊन गड्डे वाळूत घातले. शहाणपण मडमेचं जास्त वाटलं म्हणून नव्हे. जमिनीत लावले असते तर ते माझ्या हातानं लावले असते, आणि मग मेले असते. वाळूत नुसते ठेवले तर ते कुणाच्याच हाताचे नव्हते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

अप्पांनी चहाचं एक रिकामं खोकं आणून दिलं. दारणा नदीची वाळू चाळून, उन्हात खरपूस तापवून, मी त्यात गड्डे थरावर थर लावले आणि खोकं कोठीच्या खोलीत, धान्याच्या कणगीमागं सरकवलं. करंडी उघडली तेव्हा काकू घरात नव्हती, आणि नंतरही मी तिला काही कळू दिलं नाही. तिनं काही वाईट केलं असतं असं नाही, नुसतं "तुझ्या हाताचं ना?" एवढं म्हणाली असती, आणि तेवढंच पुरे होतं. त्या हिवाळ्यात मी किती चुका केल्या म्हणून सांगू. पहिल्यांदा खोकं कोठीतल्या माठाच्या जवळ होतं, वाळू ओली होऊन दोन गड्डे कुजले, त्यांचा वास येऊ लागला. मग घाबरून खोकं कोठीतच, चुलीमागच्या भिंतीला लावलं, तर उरलेले सुरकुतले. मग पाण्याचा हबका मारला, मग वाटलं जास्त झाला, म्हणून वाळू पुन्हा उन्हात घातली. पौषात असा गारठा पडला की सकाळी हौदातल्या पाण्यात हात घालवेना. मी खोक्यावर माझी जुनी चिरगुटं पांघरली. जे माणूस तीन दिवसाआड पेशंटला उठवून बसवतं आणि विचारतं बरं वाटतंय का, तशातली मी. पण गड्डे चिवट होते. माघात एका दुपारी वाळू बाजूला केली तर जवळजवळ प्रत्येक गड्ड्याला गुलाबी, टोकदार डोळा फुटलेला. मी खोकं झाकलं आणि अंगणात येऊन उगीचच गोल गोल फिरले. शिवरात्र झाली की लावायचे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

शिवरात्रीला अप्पा आम्हां भावंडांना टांग्यानं पंचवटीत कपालेश्वराला घेऊन गेले. गर्दी अशी की दर्शन होऊन परतायला दुपार टळली. आई त्या दिवशी बाहेरची होती, ओसरीवर बाजूला बसलेली, म्हणून फराळाचं सगळं काकूनं एकटीनं केलेलं. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचे काप आणि वर कोनफळाची भाजी, जिरं-मिरची घालून, तुपात परतलेली. भूक लागली होती. मी भाजी दोनदा मागून घेतली. अप्पा जरा चावत राहिले, दातातून एक लांबलचक दोरा ओढून काढला आणि म्हणाले, "वहिनी, कोनफळ जून लागलं वाटतं." काकू म्हणाली, काय करणार, यांनी कधी आणून ठेवलं देव जाणे, कोठीच्या खोलीत वाळूत पुरलेलं सापडलं, कोंबसुद्धा आले होते. काका घाटावरून येताना गार्डाच्या डब्यातून नेहमीच पांढरी कोनफळं आणत, तेव्हा तिची तरी काय चूक. माझा घास तोंडातच राहिला. मी गिळलासुद्धा नाही आणि थुंकलासुद्धा नाही.

मग जे रडणं झालं ते विचारू नका. काकूला प्रथम काही कळेना. अप्पांनी चिठ्ठीची हकीकत सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला, आणि दुसऱ्याच क्षणी ती भडकली, कारण तिचा शिवरात्रीचा उपास फुलझाडाच्या मुळांनी बाटला होता. मुळ्या कुणी कोठीत ठेवतं का, देवाधर्माच्या दिवशी हे काय पोटात गेलं, असं सगळं एका दमात. अप्पा शांतपणे म्हणाले की कर्दळ ही केळीचीच भावकी, आणि केळं उपासाला चालतं. काकूला हसू फुटलं नाही. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "बघ इंदे. जमिनीत जायच्या आधी पातेल्यात गेले. ह्याला म्हणतात हाताला यश नसणं." ती चिडली होती, बोलून गेली. पण मी उठले. उष्ट्या हातानं उठले आणि विचारलं, कोंबांचं काय केलंस? कोंब कापून टाकले, ती म्हणाली. कोंबाकडची बाजू घशाला खाजते, म्हणून चांगली अंगठाभर कापून, सालींबरोबर उकिरड्यावर.

मोरीमागच्या उकिरड्यावर शेजारच्या पॉइंटमनची शेळी उभी होती आणि तिची हनुवटी हलत होती. मी तिला शिंगाला धरून मागं ढकललं आणि गुडघ्यावर बसून त्या साली, राख, चहाचा चोथा चिवडू लागले. काकू दारातून ओरडली की सणासुदीचं उकिरड्यात हात घालू नको, आधी आंघोळ कर, वर ये. तेव्हा ओसरीवरून आई बोलली. आवाज चढवला नाही, नेहमीचाच होता. "जाऊबाई, तिला उचलू द्या." बस, एवढंच. जावेला तिनं उलट बोललेलं मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. काकू आत निघून गेली. मला चौदा तुकडे मिळाले. बाकीचे शेळीच्या पोटात.

ते परकराच्या ओच्यात घेऊन मी तशीच फलाटावर पळाले. चाँदचाचांनी एक तुकडा उचलला, नखानं खरवडला, उलटसुलट केला. मी हुंदके देत सगळी कथा सांगत होते आणि ते गालात हसत होते. त्यांनी खिशातला चाकू काढून मला दाखवला. ते म्हणाले की दर वर्षी याच चाकूनं ते स्वतःचे गड्डे असेच कापतात, एका डोळ्याला अंगठाभर मांस ठेवून. अख्खा गड्डा लावणं हा अडाणीपणा, तो आपला आत दाटीनं वाढतो आणि फुलत नाही. "तुझ्या काकूनं तर उस्तादाचं काम केलं," ते म्हणाले. "डोळा शाबूत आहे ना? मग झाड शाबूत आहे." कापलेल्या बाजूला राख चोळायची, रात्रभर सुकू द्यायचं आणि सकाळी लावायचं. मी विचारलं, तुम्ही लावाल का? माझ्या हाताला यश नाही. त्यांनी माझा हात बघितला, त्याला उकिरड्याची घाण आणि कर्दळीची भाजी दोन्ही लागलेली होती. ते म्हणाले, हात काय करतो? हात फक्त माती लोटतो. मला ते पटलं नाही. पण दुसरं कुणी लावणार नव्हतं.

कुंपणाला लागून मी चौदा खड्डे घेतले. शेणखत घातलं, मोरीचं पाणी बादलीनं वाहून घातलं. आणि मग काहीच झालं नाही. एक आठवडा, दोन आठवडे. जमीन आपली जमीन. मला धीर निघेना. पहिल्या खड्ड्यातला तुकडा मी रोज उकरून बघायची आणि पुन्हा पुरायची. तो अर्थातच मेला. चाचांना कळलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर रागावले. इतकी वर्षं झाली, शेकडो रोपं लावली, पण उकरून बघायची ओढ माझी अजून जात नाही. तेवढ्यात एके सकाळी काकू अंगणात सडा घालायला गेली आणि तिनं दबक्या आवाजात हाक मारली, "इंदे, इकडं ये. काहीतरी आलंय." जमिनीतून गुंडाळलेल्या पानाची सुरळी वर आली होती, करंगळीएवढी. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. सडा घालताना काकूनं तेवढी जागा पाण्याच्या जोरातून वाचवली. आठवडाभरात तेरा सुरळ्या झाल्या. तेराच्या तेरा.

चैत्र-वैशाखात त्या अशा वाढल्या की काय सांगू. रोज सकाळी मी शेजारी उभी राहून उंची मापायची. गुडघा, मांडी, कंबर. पानांवर कोळशाची भुकटी बसे ती मी ओल्या फडक्यानं पुसायची, भावंडं चिडवायची की इंदी झाडांची तोंडं धुते. धुतली तर धुतली. आणि ज्येष्ठ लागता लागता पहिलं फूल उघडलं. हळदीसारखं पिवळं, वर तांबडे शिंतोडे, मडमेनं लिहिलं होतं त्याहून मोठं. मग दुसरं, मग चार, मग रांगच्या रांग. मेल आमच्या कुंपणाशेजारी वेग कमी करी, तेव्हा खिडक्यांतून लोक बोट दाखवू लागले. एका दुपारी काकांची मालगाडी गेली. काका मागच्या डब्यात उभे होते. त्यांनी फुलं बघितली, मला बघितलं आणि हिरवं निशाण काढून आमच्या अंगणाच्या दिशेनं जोरात हलवलं. रेल्वेच्या कायद्यात ते बसत होतं की नाही कोण जाणे. मी कुंपणावर चढून दोन्ही हात वर केले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत खाली घेतले नाहीत. आयुष्यात पुढं बऱ्याच गोष्टी मिळाल्या, पण तसा आनंद परत झाला नाही, खोटं कशाला बोलू.

पावसाळ्यात कॉलनीतल्या बायका गड्डे मागायला येऊ लागल्या. काकू दारात उभी राहून त्यांना सांगायची, "आमच्या इंदूच्या हाताला यश आहे हो." जणू जन्मापासून तिचं हेच मत. एकदा मी तिच्याकडं रोखून बघितलं तर ती म्हणाली, काय बघतेस, माझ्याच तर हाताखाली वाढलीस. लोणच्याच्या बरणीत डाव फिरवायची परवानगी मला न मागता मिळाली. मी मिरवून घेतलं, अगदी पोटभर. तेरा वर्षांच्या पोरीनं मिरवायचं नाही तर कुणी?

श्रावणात काकूच्या माहेरी, लासलगावला, नव्या घराची वास्तुशांत होती. तिचे भाऊ कांद्याचे व्यापारी, घर मोठं बांधलेलं, मागं कांद्याच्या चाळी, सगळ्या गावाला असतो तो वास. काकूनं मला बरोबर घेतलं. ओल्या फडक्यात गुंडाळून कर्दळीचे पाच गड्डे तिनं स्वतःच्या मांडीवर धरून नेले, गाडीत कुणाला घेऊ दिले नाहीत. नव्या दारापुढं लावायचे म्हणून खड्डे आधीच घेऊन ठेवले होते. बायका जमल्या. काकू पदर खोचून पुढं झाली आणि फडकं सोडू लागली, तेवढ्यात तिची वहिनी हसत हसत, अगदी गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, तुमी नका हात लावू. नवं घर हाय, पयलं झाड लेकुरवाळीनं लावावं."

काकूनं फडकं पुन्हा दुमडलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, आणि तेच मला आजतागायत विसरता येत नाही. ती म्हणाली, "मी कुठं लावतेय? म्हणून तर इंदूला आणलंय. हिच्या हाताला यश आहे." आणि गड्डे माझ्यापुढं केले.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मला एकाएकी सगळं कळलं असंही नाही, मी लहान होते. पण मला राग आला, भयंकर राग आला, आणि तो काकूसाठी आला, जिच्यावर मी वर्षभर मनातल्या मनात दात खाल्ले होते. मी गड्डे घेतले नाहीत. सगळ्या बायकांच्या देखत मोठ्यांदा म्हणाले की आमच्याकडची तेराच्या तेरा झाडं काकूनं कापलेल्या डोळ्यांची आहेत, चाचा तिला उस्ताद म्हणतात, आणि ही कर्दळ लागायची असेल तर ती काकूच्याच हातानं लागेल, नाहीतर मी हे गड्डे परत नाशिकला नेते. काकूचे एक भाऊ खांबाला टेकून उभे होते, ते म्हणाले, लावू द्या ताईला.

काकू खड्ड्याशेजारी बसली. मी तिच्याशेजारी बसले. तिनं एक गड्डा हातात घेतला, त्याचा डोळा वर केला, आणि मग थांबली. माझ्याकडं न बघता, हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "किती खोल घालू गं?"